शिवणीतली माया

लीड्स,
18 जानेवारी

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर मी नुसतं "सेकंडहँड" म्हणालो आणि आईने फोन टेबलावर पालथा घातला. पुढची दहा मिनिटं मला अंधार दिसत होता आणि त्या अंधारातून "मेल्या माणसाचा कोट घालून ऑफिसला जाणार म्हणे" एवढंच ऐकू येत होतं. संकेत मागे खिदळत होता, तेही कळलं. फोनवर आई मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. अण्णा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आणि ती उठून ओट्याकडे निघाली तर मागोमाग जाऊन वाचा.

सूट मुळात का लागला, तर नोव्हेंबरपासून माझं काम बदललं. आजवर स्वेटर आणि जीनवर भागत होतं. आता महिन्यातून दोन-तीनदा बँकेच्या लोकांसमोर बसावं लागतं. इथे बऱ्याच ऑफिसांनी टाय कधीच सोडला, पण ही मंडळी अजून सुटातच येतात. माझ्याकडे लग्नातला सूट होताच. एरवी तुम्हीच शिवला असतात, पण तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून शोरूममधून घेतला होता तो, बावीस हजारांचा. तेव्हा तुम्ही कोटाची छाती दोन बोटांत धरून चोळून पाहिलीत आणि काहीच बोलला नाहीत. तुम्हाला काय दिसलं होतं ते मला डिसेंबरात कळलं. इथे पहिल्यांदाच ड्रायक्लीनला दिला, तो छातीवर फोड घेऊन परत आला. पापड भाजताना येतात तसे बारीक फुगवटे, डाव्या कॉलरपट्टीपासून खिशापर्यंत. इस्त्री फिरवली की बसतात, गार झाले की पुन्हा वर. आतलं कॅनव्हास, म्हणजे छातीला आकार देणारा मधला पदर, शिवलेलं नव्हतंच, चिकटवलेलं होतं, आणि तो डिंक सुटला. त्यात तो सूट चमकतो. ऑफिसातल्या एकाने विचारलंच, इथून थेट लग्नाला जाणार आहेस का.

मग दुकानं धुंडाळली. मनाशी दीडशे पाउंड ठरवले होते. साठ-सत्तर पाउंडांत सूट मिळतो, पण आतल्या खिशाजवळची चिठ्ठी वाचली की पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस. हीटर लावलेल्या खोलीत तो दोन तास घालून बसायचा म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत बसल्यासारखं. निव्वळ लोकरीचा घ्यायचा तर दोनशेच्या आसपास जावं लागतं, आणि आत बहुतेक डिंकच. माप देऊन शिवायचा तर आठशे-हजार. लंडनच्या सॅव्हिल रो या महागड्या शिंप्यांच्या गल्लीचं नावच काढायला नको, तिथल्या एका सुटात संकेतची बाइक येईल आणि वर पेट्रोलला पैसे उरतील.

एका दुकानातला पोरगा "सुपर 150" म्हणून फार कौतुकाने दाखवत होता, जणू आकडा मोठा तेवढा सूट चांगला. ही आकड्यांची भानगड इथल्याच शेजारच्या ब्रॅडफर्डची. एक पौंड लोकरीतून 560 यार्डांच्या किती लड्या निघतात, त्यावरून पूर्वी सुताचा नंबर ठरायचा. आता तंतूची जाडी मोजतात: सुपर 100 म्हणजे जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन, सुपर 150 म्हणजे 16.25. हाताला लोण्यासारखं लागतं खरं, पण इतकं तलम कापड रोज खुर्चीत घासलं की बुडाशी आणि मांड्यांशी आधी विरतं. मी त्याला म्हटलं, मला शंभर-एकशेवीसचं दाखव. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की गिऱ्हाईक गरीब आहे.

आणि हे सगळं लीड्समध्ये, हे जास्त लागतं. अण्णा, तुमच्या ड्रॉवरमध्ये त्या इंग्लिश सुटिंगचा काठ गुंडाळून ठेवलेला आहे ना, सोनेरी अक्षरांत "हडर्सफील्ड" विणलेला? लहानपणी तो मी पट्टा म्हणून कमरेला बांधायचो. ते हडर्सफील्ड इथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे. पेनाइन डोंगरांतून येणारं पाणी मऊ, लोकर धुवायला आणि रंगवायला चांगलं, म्हणून त्या खोऱ्यांत गिरण्या उभ्या राहिल्या. थोड्या अजून चालतात. आणि लीड्स म्हणजे कपडे शिवणाऱ्यांचं गाव. माँटेग्यू बर्टन नावाचा लिथुआनियाचा ज्यू पोरगा 1900 साली या देशात आला आणि पुढे इथल्या हडसन रोडवर त्याने एवढा कारखाना उभारला की तिथे 10,000 माणसं कामाला होती. गावोगावच्या त्याच्या दुकानांत माप घ्यायचं, ते इथे पाठवायचं आणि सूट शिवून परत जायचा, तोही गिरणी कामगाराला परवडेल अशा भावात. त्या नावाची शेवटची दुकानं 2021 मध्ये बंद झाली. आता याच गावात मला परवडणारा आणि मापात बसणारा सूट मिळत नव्हता.

शेवटी वाट दाखवली ती कपडे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी. मुलतानकडचे आहेत, चाळीस वर्षं इथेच. त्यांच्याकडे तुमच्या सूनबाईचा, मृणालचा, कोट अर्धा इंच आत घ्यायला गेलो होतो. म्हणाले, पैसेवाल्यांच्या वस्तीतल्या चॅरिटी शॉपमध्ये जा, शनिवारी नको, सोमवारी सकाळी. लोक घर आवरतात शनिवार-रविवारी.

आई, चॅरिटी शॉप म्हणजे काय ते ऐक. आपण जुने कपडे बोहारणीला देतो आणि पातेलं घेतो. इथे पातेलं मिळत नाही. लोक नको असलेलं सामान फुकट आणून देतात, दुकान ते विकतं आणि पैसे कर्करोगाच्या संशोधनाला नाहीतर दुष्काळाच्या मदतीला जातात. गल्ल्यावर बहुधा तुझ्या वयाच्या आजी बसतात, बिनपगारी. ऑक्सफॅम म्हणून मोठी संस्था आहे, तिने चाळीसच्या दशकातच ऑक्सफर्डला असं दुकान काढलं होतं. डॉक्टर, वकील, कोणीही तिथे बिनदिक्कत खरेदी करतात.

तर तिसऱ्या सोमवारी सापडला. त्याआधी एक निळा सापडला होता, पण बाहीच्या टोकाची काजं खरोखर कापलेली होती, म्हणजे बाही लहान करायची तर वरून, मुंढ्यापासून उसवावी लागणार. सोडून दिला. हा मात्र कोळशाच्या रंगाचा, साधा, दोन बटणांचा. हातात घेतल्यावर आधी वजन लागलं. हल्ली दुकानांत असं जड कापड दिसत नाही. मग कोटाची तुमच्या पद्धतीने परीक्षा घेतली: खालच्या काजाजवळ पुढचं कापड आणि मागचं कापड दोन चिमटींत धरून अलग ओढलं. मध्ये तिसरा पदर मोकळा सरकत होता. छातीवर मूठ दाबून सोडली, कापड उसळी मारून परत आलं. कॉलरची पट्टी उलटी करून पाहिली, तर पाठीला सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, रांगेत. तुम्ही दिवसभर मांडीवर कोट घेऊन घालायचात तेच तिरके टाके. मी लहानपणी त्यात हात घातला की घोड्याच्या केसांचं ते कॅनव्हास बोटाला टोचायचं. मग खिडकीच्या उजेडात धरून कसर लागलीय का पाहिलं. एकही भोक नाही. घातला. खांदा बसला. नव्वदच्या दशकातले कोट खांद्यांना उशा लावल्यासारखे असतात, हा नशिबाने तसा नव्हता. किंमत 35 पाउंड.

आतल्या खिशात शिंप्याची कापडी चिठ्ठी होती, शाईने लिहिलेली. नाव पुसट झालंय, मार्च 1994 एवढं वाचता येतं. आता मुद्द्याचं, आई. घरी आणून पँटची मागची शिवण उलटी केली, तर मुळात जवळजवळ दोन इंच माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, सोडलेली. अण्णांशिवाय इतकी माया सोडणारा मी दुसरा पाहिला नव्हता. आणि आताच्या शिवणीच्या बाहेर, पँटच्या बाजूला, जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन रांगा. म्हणजे पँट दोनदा उसवून सैल केलेली. तिसऱ्यांदा सोडायला कापडच उरलं नव्हतं. तो माणूस मेला नाही, जाड झाला! असेल कुठेतरी, बिस्किटं खात. मी शपथेवर सांगू शकत नाही, पण पुरावा त्याच्या बाजूने आहे.

आणि मेला असला तरी काय गं? आजीच्या लुगड्यांची गोधडी आपण अजून ओढाओढी करून पांघरतो. तू म्हणशील ती आपली माणसं. खरं आहे. पण तुझ्या समाधानासाठी मृणालने देवघरातल्या तांब्यातलं पाणी बाहीवर शिंपडलं आहे. त्याआधी सूट पिशवीत बांधून पंधरा दिवस फ्रीझरमध्ये होता, कसरीची अंडी असली तर मरावीत म्हणून. मटारच्या पिशवीशेजारी. तिचा खरा राग त्यावर होता, पाण्यावर नाही.

मग ड्रायक्लीन, 16 पाउंड. मग पुन्हा ते मुलतानी मास्तर. त्यांनी खडूने तीन खुणा केल्या आणि टाचण्या लावताना तुमच्यासारख्याच तोंडात धरल्या. बाह्या पाऊण इंच वर, 22. कोटाची कंबर बाजूच्या शिवणींतून आत, 20. पँटची कंबर आणि लांबी, 20. माया कापू नका म्हणून मी सांगायच्या आतच म्हणाले, कापणार नाही, तुझं लग्न झालंय, लागेल. सगळे मिळून 113 पाउंड. दीडशेतले उरले त्यात दोन पांढरे शर्ट आले, जानेवारीच्या सेलमध्ये.

आता संकेतसाठी. मार्चमध्ये तुझे कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत आणि तू मला जो फोटो पाठवलास तो काळा, चमकदार, अंगाला चिकटलेला सूट घेऊ नकोस. वाकलास तर शिवण जाईल, आणि काळा दिवसा वेटरसारखा दिसतो. गडद निळा किंवा राखाडी घे. पुण्यात मार्चच्या दुपारी पॉलिएस्टर घालून पाच जणांच्या पॅनेलसमोर बसलास तर उत्तर येत असूनही घाम पुसत बसशील. टेरीवूल घेतलंस तरी लोकरीचा वाटा जास्त असलेलं घे, मीटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं, साध्या विणीचं. आपण दोघं साडेपाच फुटी. इथे 38 शॉर्ट, म्हणजे 38 छातीचा आखूड कोट, वेगळा मिळतो. तिकडच्या बऱ्याच शोरूममध्ये एकच लांबी असते, मग कोट मांडीपर्यंत येतो आणि बाहीत बोटं बुडतात. म्हणून कापड घेऊन शिवून घेतलेलं बरं. सव्वातीन मीटर पुरतं.

तयार घेतलास तर बाहीवरचं कंपनीचं लेबल उसवून टाक. ते दुकानात ओळखायला असतं, मिरवायला नसतं. बाबूमामाच्या रिसेप्शनच्या अल्बममध्ये निम्म्या फोटोंत मामी आहे आणि सगळ्या फोटोंत लेबल आहे. पाठीमागच्या चिरेवरचा पांढरा फुलीचा टाकाही काढ. आणि खालचं बटण लावायचं नाही.

अण्णा, तुम्हाला सुई ओवता येत नाही म्हणून दुकान बंद केलंत ते ठीक. पण खांदा बघायला सुई लागत नाही. याला कराडहून पुण्याला पाठवाल तेव्हा बरोबर जा. शोरूमवाला "सर, एकदम परफेक्ट" म्हणेल तेव्हा नुसतं मागे उभे राहा. आणि या वेळी गप्प बसू नका.

माझंही एक काम आहे. कोट बसला आहे, पण पाठीवर कॉलरच्या जरा खाली एक आडवी वळी पडते, बोटभर. हात खाली सोडून उभा राहिलो तरी जात नाही. मास्तर म्हणतात कॉलर उसवून थोडी खाली बसवावी लागेल, तीस पाउंड होतील, तसं चालून जाईल. मला वाटतं माझेच खांदे मागे पडतात आणि कॉलर निष्पाप आहे. संकेतच्या फोनवर तीन फोटो टाकलेत: एक सरळ, एक बाजूने आणि एक मृणालने खडूने वळीवर रेघ मारून काढलेला. मोठे करून पाहा आणि उसवू की नको ते कळवा. मीटिंग 4 तारखेला आहे.

तुमचा,
अभिजित