इन्चार्ज झालेल्या मैत्रिणीला

सोलापूर,
रविवार

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. फोनवर बोललो असतो तर 'बाकी सगळं ठीक' म्हणून दोघीही मोकळ्या झालो असतो, म्हणून तू लिहिलंस ते फार बरं केलंस. आज माझा ऑफ आहे, घरची मंडळी लग्नाला गेलीत, तेव्हा सावकाश लिहिते.

वॉर्डाची इन्चार्ज झाल्यापासून घरी पोचायला रात्रीचे नऊ होतात, जेवताना फोन वाजतो, मुलीची दहावी आहे आणि तिच्याजवळ बसायला वेळ नाही, सासूबाई काही बोलत नाहीत पण त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, असं तू लिहिलंयस. आणि शेवटी विचारलंस की पद परत करून पुन्हा साधी स्टाफ होऊ का.

नको करूस. तू उत्तम स्टाफ नर्स होतीस म्हणून तुला हे पद मिळालं, आणि अडचणीचं मूळही तिथंच आहे. अवघड शीर तुला एका टोचण्यात सापडते. त्यामुळे नव्या मुलीची दोनदा चुकली की तू तिच्या हातातून ट्रे घेत असणार, मी तुला हॉस्टेलपासून ओळखते. त्या वेळेपुरतं पेशंटचं भलं होतं. पण ती मुलगी शिकायची राहते आणि पुढची अवघड शीर परत तुझ्याच वाट्याला येते. तुझे रात्रीचे नऊ इथूनच वाजायला लागतात गं. चांगली इन्चार्ज कशी होऊ आणि घर कसं सांभाळू, हे दोन प्रश्न तू वेगवेगळे विचारलेस. मला मात्र त्या दोन्हींचं उत्तर एकच दिसतं.

दर 12 मेला, परिचारिका दिनाला, आपण शपथ घेतो, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार घालतो. हातात दिवा घेऊन रात्री वॉर्डातून फिरणारी बाई, एवढंच चित्र आपल्या मनात बसलंय. पण 1859 साली त्यांनी शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात एक अख्खं प्रकरण बारीकसारीक व्यवस्था लावण्यावर आहे. आपल्याला कॉलेजात ते कुणी नीट शिकवलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की बाकी सगळी शुश्रूषा उत्तम असली तरी एका उणिवेनं ती मातीमोल होते. आपण हजर असताना जे होतं, ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करता न येणं, ही ती उणीव. इन्चार्ज असणं म्हणजे योग्य ते स्वतः करणं एवढंच नसून, बाकीच्यांकडूनही ते होतंय हे पाहणं, असंही त्या म्हणतात. आणि 'माझ्यावाचून इथलं पान हलत नाही' याचा अभिमान बाळगणाऱ्यांना तर त्या स्पष्ट सुनावतात. कपाटं, सामान, हिशेबाच्या वह्या अशा ठेवाव्यात की कुणालाही समजाव्यात आणि पुढे चालवता याव्यात, अभिमान बाळगायचा तर त्याचा बाळगावा.

म्हणून मी माझ्या वॉर्डाची परीक्षा माझ्या ऑफच्या दिवशी घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्यावर मी नव्हते म्हणून काय अडलं ते विचारते. जे अडलं, ते माझ्या एकटीच्या डोक्यात होतं असं समजायचं आणि त्याच दिवशी ते नर्सिंग स्टेशनवरच्या वहीत उतरवायचं. कुठल्या वारी सामानाच्या मागणीचा कुठला कागद, म्हणजे इन्डेंट, जातो, सक्शन मशीन बंद पडलं तर रात्री कुणाला उठवायचं, रक्तपेढीला फोन करताना कुठले कागद हाताशी हवेत, सगळं त्या वहीत आहे. मॉर्फिन-फेंटानिलसारख्या नशेच्या औषधांचं कपाट डबल लॉकमध्ये असतं, त्याची मोजणी आणि सह्या दर ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या टीमला माहिती देतो तेव्हा, होतात, ते नियमानं चालतंच. पण चादरींच्या, जादा सलाईन सेटच्या किल्ल्या तुझ्या पर्समध्ये घरी येत असतील, तर त्यांच्यामागून फोनही येणारच.

दुपारच्या ओव्हरचं सांगते. दोन वाजता सकाळची आणि दुपारची टीम प्रत्येक बेडपाशी उभी राहते. मी मागे उभी राहते आणि बोलत नाही. गेल्या आठवड्यात आमच्या सगळ्यांत धाकट्या सिस्टरनं एका आजोबांची ओव्हर दिली. आजोबा कर्नाटकातल्या इंडीकडचे, कानडीशिवाय दुसरी भाषा येत नाही, हार्ट फेल्युअर, पाण्यावर बंधन. ही मुलगी अक्कलकोटची, तिला कानडी येतं. सकाळपासून लघवी किती झाली, बारा वाजता डॉक्टरांना काय कळवलं, लघवी वाढवणारं लॅसिक्स किती वाढवलं, चारला पुन्हा काय बघायचं, हे तिनं केस पेपरवर बोट ठेवून सांगितलं. सगळे पुढच्या बेडकडे निघाले तेवढ्यात ती म्हणाली, "एक राहिलं. नातू सकाळ-संध्याकाळ नारळपाणी आणून देतो. आजोबा म्हणतात ते पाणी नव्हेच. मी नातवाला सांगितलंय, पण तुम्हीही लक्ष ठेवा आणि प्यायले तर इनटेकमध्ये धरा." सुमन, हे मला माहीत नव्हतं. राउंडला डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. मी मध्ये बोलत राहिले असते तर तिनं ते सांगितलं असतं की नाही कोण जाणे.

डॉक्टरांचंही तसंच. राउंडला प्रत्येक जण इन्चार्जलाच विचारतो, ती सवयच असते. मी म्हणते, "सर, या बेडची सिस्टर ही आहे, ती सांगेल." सुरुवातीला कपाळाला आठ्या पडायच्या. आता ते थेट तिच्याकडे वळतात आणि तीसुद्धा राउंडच्या आधी तयारी करून उभी असते.

आता ड्यूटी लावण्याबद्दल, कारण माझ्या मते पुढारीपणाची खरी कसोटी या एका कागदावर लागते. त्या कागदावर आपण वीस घरांचा महिना ठरवत असतो. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि भागाभागाचा वार वेगळा. पाण्याच्या दिवशी घरात भरायला कुणीतरी हवंच. जिच्या घरी दुसरं माणूस नाही, तिचा पाण्याचा दिवस माझ्या वहीत लिहिलेला असतो. तो वार पुढेमागे होतो, कधी रात्रीचंच पाणी सुटतं, म्हणून आपापसांत ड्यूटी बदलायची मुभा दिली आहे. एकच अट, दोघींच्या सह्या बदलाच्या वहीत हव्यात.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, असते. तिच्यातल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्यांसोबत चालणारे आमच्या एका सिस्टरच्या घरी आहेत. त्या दिवसांत तिला बाराबंद्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या पांढऱ्या अंगरख्यांची, इस्त्री, पाहुणे, नैवेद्य सगळं बघायचं असतं. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी तिला सुट्टी मिळते आणि त्याची परतफेड ती रमजान ईदला करते, म्हणजे आमच्या मुस्लिम सिस्टरना घरी राहता येतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी पूर्व भागातल्या तेलुगू मुली मोकळ्या हव्यात. नाताळला दोघी. कुणी कुठला सण ड्यूटीवर काढला याची वेगळी वही ठेव. तोंडी हिशेब ठेवलास की जी गप्प बसते तिच्यावरच दरवेळी अन्याय होतो. आणि एक मला फार खटकतं: लग्न न झालेल्या मुलींना सगळीकडे सणाच्या ड्यूट्या चिकटवतात, जणू त्यांना घर नाही, आईवडील नाहीत. तू तसं करू नकोस.

पाळ्या फिरवताना मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट या क्रमानं फिरव. उलट्या क्रमापेक्षा शरीराला हे सोसतं. नाइट संपवून आलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला बोलावू नकोस, माणूस कितीही कमी असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून नोंदवलं आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. रात्रपाळी आपल्याला टाळता येणार नाही, पण तिच्यानंतरची झोप तरी आपण कुणाची हिरावून घेऊ नये. बाळंतपणाच्या रजेबद्दल तू विचारलंस: 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, आणि कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ द्यायचा असतो. मुलीला हे माहीत नसेल तर तिनं मागायची वाट बघू नकोस, आपण होऊन सांग.

आमच्याकडे सत्कार-समारंभात हटकून डॉ. कोटणीसांचं नाव निघतं. सोलापूरचा माणूस, 1938 मध्ये चीनला गेला, युद्धाच्या धामधुमीत दिवसरात्र ऑपरेशनं करत राहिला, 1942 च्या डिसेंबरात वयाच्या 32 व्या वर्षी गेला. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोरून जाताना माझे हात अजून आपोआप जोडले जातात. त्यांची पत्नी ग्वो छिंगलान परिचारिका होती आणि ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता, हे भाषणात फारसं कुणी सांगत नाही. तिथं युद्ध होतं, मागे दुसरा माणूस नव्हता. आपल्या वॉर्डात जेव्हा कुणी सलग दोन पाळ्या करते, तेव्हा बहुतेक वेळा एक जागा भरलेली नसते, एवढंच कारण असतं. तिथं त्यागाची भाषा वापरायला लागलो की ती जागा कधीच भरली जात नाही. तू गेल्या तीन महिन्यांतल्या डबल ड्यूट्या तारखेनिशी लिहून मेट्रनपुढे ठेव. रडून सांगितलेलं विसरलं जातं, तारखांचा कागद फाइलला लागतो.

आता घर. तू वॉर्डात जे करतेस तेच घरीही करतेस. सासूबाईंची बीपीची गोळी कुठली, गॅस कधी लावला, मुलीच्या क्लासची फी कधी भरायची, सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात. घरीही ओव्हर द्यायला शीक. मी फ्रिजवर सासऱ्यांच्या गोळ्यांचा कागद लावला आणि ह्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. मुलगा कुकर लावतो. भात कधी गिचका होतो, कधी फडफडीत. मी ताटावर बसते आणि जेवते, त्याच्या हातातून पळी घेत नाही. तुझ्या यजमानांना बाजारहाट दिलीस तर पूर्ण दे, वर यादी करून फोनवर फोन करू नकोस.

हॉस्पिटलच्या फोनचं मी असं ठरवलंय. पेशंट अचानक खालावून पाळीतल्या सीनिअरचा निर्णय होत नसेल, कुणा सिस्टरशी नातेवाइकांनी दांडगाई केली असेल, किंवा दुसऱ्या दिवशी ड्यूटीला माणूसच नसेल, तर रात्री दोनलाही फोन करा. बाकी सगळं वहीत लिहा. आणि मीसुद्धा घरी आल्यावर ग्रुपवर सूचना टाकत नाही, कारण इन्चार्जचा मेसेज दिसला की घरी पोळ्या लाटणारी मुलगीही हात पुसून फोन घेते.

रोजच्या रोज घर आणि वॉर्ड समसमान तोलायला जाऊ नकोस, ते कुणालाच जमत नाही. मी महिन्याचा हिशेब बघते. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात घर मागे पडतं. मुलाच्या परीक्षेत मी पाळी संपल्या मिनिटाला निघते आणि तसं सगळ्यांना आधी सांगून ठेवते, गुपचूप निघत नाही. इन्चार्जच ऑफ घेत नसेल तर पोरींना ऑफ मागायची चोरी वाटते.

तुझ्या मुलीपाशी बसायचं म्हणतेस ना, तर अभ्यास घ्यायला बसू नकोस. गणित तिला तुझ्यापेक्षा जास्त येतं. तिला दूध दे, समोर बस, ती बोलेल ते ऐक. दहावीच्या पोरींना आई मुकाट्यानं ऐकून घेतेय हेच खूप असतं.

पुढच्या महिन्याची ड्यूटी लावलीस की तिचा फोटो मला पाठव. तुझे ऑफ आधी भरलेले असू देत, पेन्सिलीनं नाही, पेनानं. सासूबाईंना नमस्कार सांग, मुलीला आशीर्वाद. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी उद्या कुरिअरनं पाठवतेय, भाकरी डब्यात गच्च बंद करून ठेव म्हणजे मऊ पडणार नाहीत.

तुझी,
रेखा