मागच्या बाजूला लिहू नका

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात ती वर्कशॉपची बातमी वाचली, अभयारण्यांचं व्यवस्थापन सुधारायला म्हणे 'ज्ञानाची देवाणघेवाण' झाली. झाली असेल बापा. फोटोत सगळे हसतायत, पुढे पाण्याच्या बाटल्या अन फायली. वनमजूर एकही नाही, म्हणून लिहायला बसलो.

दोन वर्षांआधी बुद्ध पौर्णिमेला, चांदण्यात पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात तेव्हा, मी मचाणावर बसलो होतो, पैसे भरून, रीतसर. कोणतं जंगल ते लिहीत नाही, त्या माणसाची रोजी जायची. सोबत एक वनमजूर होता, तीसेक वर्षं त्याच बीटमध्ये, म्हणजे जंगलाच्या त्याच तुकड्यात. रात्रभरात दिसलं काय तर सात रानडुकरं, एक सायाळ अन पहाटे पावणेचारला एक अस्वल, ते पण डुकरं बघून पाणी न पिताच परत गेलं. तर हा हळूच म्हणे, "या पाणवठ्यावर सोलर पंप लागला तवापासून डुकरं इथून हालतच नाही साहेब. चौसिंगे तर केव्हाचेच खालच्या नाल्यातल्या झिऱ्यावर, जिथं जमिनीतून आपसूक पाणी झिरपते तिथं गेले, अन तो झिरा गाळानं भरत चालला. चार माणसं दोन दिवस लावले तर मोकळा होते."

आता याला ज्ञान नाही तर काय म्हणायचं? मी टॉर्च तोंडात धरून हे सगळं मोजणीच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं, झिऱ्याचा नकाशा पण काढला. सकाळी फॉर्म गोळा करणारे म्हणाले, "मागचं नको हो, फक्त संख्या. नर, मादी, पिल्लू." अन माझ्यासमोर त्याच्यावर आडवी रेघ मारली. नंतर दोनदा मेल केला झिऱ्याचं काय झालं म्हणून, उत्तर नाही. सर्टिफिकेट मात्र आलं, आडनाव चुकवून.

बरं, मचाणावरच्या आकड्यांवर वाघ मोजत नाहीत, हा फक्त 'निसर्गानुभव' आहे, हे आता वनखातंच सांगतं. राजस्थानच्या सरिस्का जंगलात कागदावर वाघ होते, २००५ मध्ये कळलं की एकही उरला नाही, मग पावलांच्या ठशांवरची मोजणी गेली अन २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. चांगलंच आहे, २०२२ च्या मोजणीत महाराष्ट्रात ४४४ निघाले, आनंद आहे. पण झिरा कशानं बुजला ते कॅमेऱ्याला कसं कळणार, ते त्या माणसाला माहीत आहे अन तो दोन वर्षांत रिटायर होणार. गार्ड लोकांच्या मोबाइलमध्ये एम-स्ट्राइप्स ॲप आहे, कुठून कुठे गस्त घातली ते साहेबांना दिसतं, छान. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. आमच्या गावची बघायला मागितली तर म्हणे कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे, अन साहेब ट्रेनिंगला. बहुतेक देवाणघेवाणीच्याच!

पुढचं वर्कशॉप त्या झिऱ्यावर घ्या म्हणावं. फावडी मी आणतो, चहा पण माझ्याकडून.

आता तुमच्याबद्दल. दरवर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही 'प्राणीगणनेत इतके वाघ' असं ठळक हेडिंग देता, ते कृपया बंद करा. अन मागच्या महिन्यात बिबट्याच्या फोटोखाली 'पट्टेदार वाघ' छापलं होतं. ठिपके दिसत नाहीत का हो? मी ऑफिसला फोन केला तर मला छोट्या जाहिरातींकडे जोडून दिलं, त्या बाई विचारतात, "हरवला आहे का विकायचा आहे?"

आपला जुना वाचक,
अमरावती
(नाव छापू नये)