येतो आणि जिस

पुणे,
१४ डिसेंबर

प्रिय विन्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. काकूंचा गुडघा आता दुखत नाही हे वाचून बरं वाटलं. बाकी सगळं पत्र तू माझ्या दोन-तीन शब्दांवर लिहिलं आहेस, आणि इतकं मनापासून लिहिलं आहेस की फोनवर उत्तर द्यावंसं वाटेना.

मागच्या महिन्यात मी तुला एस्पेरांतोत पत्र लिहिलं. त्याची सुरुवात 'साल, विनच्यो!' म्हणजे 'नमस्कार, विन्या!' अशी होती आणि शेवटी निरोपाचं नुसतं 'जिस'. तुला ते खटकलं. तू म्हणतोस, लुडविक झामेनहोफने ही भाषा स्वतः रचली, सोळा नियमांत बसवली ती कुणालाही कुणाशीही बोलता यावं म्हणून. तिच्यात कट्ट्यावरचं बोलणं शिरलं की गावोगावची पोरं आपापलं काहीतरी घुसवणार, आणि ब्राझीलच्या माणसाचं जपानच्या माणसाला कळेनासं होणार. नमस्काराला 'सालुतोन' आहे, 'बोनान तागोन' आहे, आणखी कशाला हवं?

आधी विनच्योचं बोलतो, कारण राग तिथे जास्त दिसला. ती सोय मी शोधलेली नाही. नावाची पहिली काही अक्षरं ठेवायची, उरलेलं टाकायचं, आणि पुरुषाला 'च्यो', बाईला 'न्यो' लावायचं. पात्रो म्हणजे वडील, त्यांचं लाडाने पाच्यो. पात्रीनो म्हणजे आई, तिचं पान्यो. विल्हेल्मोचा विलच्यो. हे झामेनहोफचंच व्याकरण आहे. एरवी या भाषेत मूळ शब्दाला कुठलाही प्रत्यय लागो, त्याची एक मात्राही हलत नाही. तो तोडायची परवानगी फक्त या दोन प्रत्ययांना आहे, आणि दोन्ही आहेत ते लाडक्या माणसाला हाक मारण्यासाठी. विनायकचा विन्या करताना आपण दुसरं काय करतो? गेल्या वर्षी हंगेरीच्या एका गृहस्थांशी व्हिडिओवर बोलत होतो. त्यांच्या घरात मुलं जन्मापासून एस्पेरांतो ऐकतात. मागचं दार उघडलं, चार वर्षांची मुलगी हातात एकच मोजा घेऊन आली आणि दुसरा सापडत नाही म्हणून 'पाच्यो! पाच्यो!' करत त्यांच्या बाहीला लोंबकळली. तिने 'पात्रो' म्हणायला हवं होतं असं तूसुद्धा म्हणणार नाहीस.

आणि अरे, आपण दोघं पहिलीपासून अरे-तुरेत. या भाषेत मला तुला 'वी' म्हणावं लागतं, आणि तुझ्या बाबांनाही 'वी'च. 'तू'साठी 'त्सी' आहे, पण १९०५च्या 'फुंदामेंतो'त, म्हणजे भाषेच्या पायाभूत ग्रंथातच सांगून ठेवलंय की त्याच्या जागी सहसा 'वी' वापरतात. त्यामागचा विचार मला पटतो, कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. पण मग जवळीक ठेवायची कुठे? ती विनच्योत ठेवावी लागते, नमस्कारात आणि निरोपात ठेवावी लागते.

तू ज्याला शुद्ध म्हणतोस त्या 'बोनान तागोन'कडे नीट बघ. शेवटचा 'न' कशाचा? कर्माचा. 'मी देझिरास आल वी बोनान तागोन', म्हणजे 'तुम्हाला चांगला दिवस चिंतितो', या वाक्याचं डोकं उडवून उरलेलं हे शेपूट आहे. सालुतोनचंही तसंच. शेपटावर काम भागवायचं वळण सभ्य बोलण्यातच आहे. 'जिस रेविदो' म्हणजे 'पुन्हा दिसेपर्यंत'. त्यातलं 'जिस', म्हणजे 'पर्यंत', हा मुळात स्वतंत्र शब्द. तो एकटा उभा राहिला तर कुठला नियम मोडला?

'साल'चं मात्र तुझं खरं आहे. तो सालुतोनचा मूळ शब्दच मधून कापतो, आणि जे उरतं ते मिठाचं मूळ. सालो म्हणजे मीठ. नव्याने शिकणारा कोशात बघेल तर त्याला मीठ सापडेल. चॅटवर तरुण मंडळी सर्रास वापरतात, त्यांना मी अडवणार नाही. पत्रात मी यापुढे पूर्ण सालुतोन लिहीन.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. तीन वर्षांपूर्वी ब्राझीलच्या एका शिक्षिकेशी पहिल्यांदा व्हिडिओवर बोललो. तासभर छान गेला. निघताना मी म्हणालो, 'मी वेनास.' येतो. 'जातो' म्हणू नये हे आईने लहानपणी इतकं बिंबवलंय की परक्या भाषेतही तोंडातून तेच आलं. वाक्य निर्दोष होतं, कर्ता जागेवर, वर्तमानकाळाचा 'आस' जागेवर. त्या थांबल्या. त्यांना काही बोलायचं असेल म्हणून मीही थांबलो. मग त्यांनी हळूच विचारलं, 'कीएन?' कुठे येताय? मी सगळं समजावून सांगितलं, की आमच्याकडे जाणारा माणूस परत येण्याचं बोलून उंबरा ओलांडतो. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, 'मग जिस म्हणा. पुन्हा भेटणं त्यात आहेच.'

विन्या, त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. तू कुंपण घातलंस ते सभ्य आणि असभ्य यांच्यामध्ये. माझं 'येतो' सभ्य होतं, शुद्ध होतं, आणि समोरच्याला कळलं नाही, कारण ते मी घरून आणलं होतं. सुरुवातीचं 'काय म्हणतोस?' शब्दशः नेलं असतं तरी हेच झालं असतं. कुंपण घालायचंच तर माहेर बघून घाल. जो शब्द एस्पेरांतोच्या माणसांत, एस्पेरांतोच्या मातीत झाला, तो कट्ट्यावरचा असला तरी घरचा. जो आपण मराठीतून, कुणी इंग्रजीतून, कुणी पोर्तुगीजमधून कातडं बदलून आणतो, तो कितीही सोज्वळ असला तरी पाहुणा.

क्रोकोदिली हे क्रियापद तुला माहीत आहे. एस्पेरांतोवाल्यांच्या घोळक्यात बसून आपल्याच मातृभाषेत बोलत सुटणं म्हणजे मगरपणा करणं. हा शब्द कुणाच्याच घरून आलेला नाही. तो मला जसा एकदा सांगावा लागला, तसाच जपानच्या माणसालाही. आयता फायदा कुणा एकाला नाही. कट्ट्यावरची भाषा बहुतेक ठिकाणी बाहेरच्याला बाहेर ठेवायला असते. हा शब्द, 'ने क्रोकोदिलू!' म्हणजे 'मगरपणा करू नका!' म्हणून, बाहेरच्याला आत घ्यायला सांगतो. काबेईचंही तसंच. काझिमिएझ बेइन हा वॉर्सातला डोळ्यांचा डॉक्टर, झामेनहोफसारखाच. काबे या नावाने लिहायचा, आणि त्याचं गद्य लोक नमुना म्हणून वाचत. १९११ साली त्याने चळवळ अचानक सोडली. तेव्हापासून असं एकाएकी सोडून जाणं म्हणजे काबेई. त्या एका क्रियापदात केवढी हळहळ आहे बघ. सोळा नियमांतून ती आली नसती.

'मोयोसा'वर तू सगळ्यात जास्त चिडलास. 'भारी', 'झकास' अशा अर्थाने पोरं तो वापरतात. तो वाटतो तितका उपरा नाही. म, य, स या अक्षरांची एस्पेरांतोतली नावं मो, यो, सो. 'मोदेर्ना, यून-स्तिला', म्हणजे आधुनिक, तरुण ढंगाचं, याची आद्याक्षरं घेऊन त्याला विशेषणाचा 'आ' जोडला की झाला मोयोसा. फोडला तर आतून सगळा एस्पेरांतोच निघतो. 'ऊल' हा माणूस दाखवणारा प्रत्यय सुटा काढून 'ऊलो' म्हणतात, आपला 'तो गडी'. टाकाऊपणाचा 'आच' सुटा केला की 'आचा', भिकार. एकच शब्द मला स्वतःला बोलवत नाही, वोलापुकाझो, म्हणजे अगम्य बडबड. दुसऱ्या एका रचलेल्या भाषेच्या पराभवावर तो उभा आहे, आणि तो पराभव आपल्यालाही शिकवून जाणारा आहे. व्होलाप्युक १८८० साली योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने काढली. ती भराभर पसरली, पण प्रत्येक बदलावर शेवटचा शब्द आपलाच, हा हट्ट त्याने सोडला नाही. दहा-बारा वर्षांत सगळं विस्कटलं. झामेनहोफने १८८७ला पहिलं पुस्तक काढलं, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या पुस्तकात लिहून टाकलं की आपल्याला भाषेचा कर्ता व्हायचं नाही, केवळ आरंभ करून द्यायचा आहे. ज्याने भाषा केली त्याने ती आपल्या हातात दिली, विन्या. त्या हातांत मोजा हरवलेल्या त्या मुलीचाही हात आहे.

उद्या १५ डिसेंबर, झामेनहोफचा जन्मदिवस. पाच-सहा जण संध्याकाळी माझ्याकडे जमतोय. दोन कॉलेजातली मुलं पहिल्यांदाच येणार आहेत. दारात त्यांना पूर्ण सालुतोन म्हणेन, आणि 'च' नीट म्हणून दाखवायला सांगेन. आपल्या 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च, एस्पेरांतोत दोन्ही आहेत, दोन वेगळ्या अक्षरांनी. मराठी मुलांना ते आयतं येतं. बाकीचं त्यांचं ती शिकतील.

तुझं पुढचं पत्र एस्पेरांतोत येऊ दे. मला हाक काय मारायची ते तू ठरव. काकूंना नमस्कार सांग.

जिस,
तुझा पम्या