बाबा, हरळीचीच परीक्षा देतोय

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी अर्ध्यातच फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितोय. मास्टर ग्रीनकीपरसाठी नाव घातलंय, म्हणजे गोल्फच्या मैदानाचं गवत राखणाऱ्यांची परीक्षा. फीही भरली. म्हणजे यंदा केळी कापायला मी नाही, आणि मळ्याचं पुढच्या वर्षी बोलू.

"गवत कापायला कसली परीक्षा?" हे येणारच. बाबा, जिच्या काशा वेचून आपल्या पाठी मोडल्या, त्या हरळीच्याच संकरित जातीवर आमचं ग्रीन असतं. ग्रीन म्हणजे गोल्फचा चेंडू ज्या भोकात घालायचा, त्या भोकाभोवतीची जागा. ती रोज तीन-साडेतीन मिलिमीटरवर कापायची. मशीनचं पातं बोथट असलं तर गवत कापलं जात नाही, फाटतं. शेंडे पांढरट पडतात, रोग शिरतो. म्हणून आधी कागदाची पट्टी घालून बघायची, पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ कापली गेली पाहिजे. आई विळीची धार अंगठ्यावर बघते, तसंच.

आपली काळी माती तिथे चालत नाही. ती पावसात फुगते आणि मुळं गुदमरतात. खाली 10 सेंटिमीटर खडी, वर 30 सेंटिमीटर वाळू. वाळूत पाणी थांबणार कसं, असं वाटेल. पण बारीक वाळूखाली जाड खडी आली की पाणी सांध्यावर अडतं आणि वाळू पुरती भिजल्यावरच खाली उतरतं. ओलही राहते, हवाही. वाळूत गाळ गेला की मात्र आत काळा थर धरतो, कुजका वास येतो. मग पोकळ दात्यांनी भोकं पाडून मातीच्या गुंड्या बाहेर काढायच्या आणि भोकांत कोरडी वाळू भरायची. हे उन्हाळ्या-पावसाळ्यात, हरळी जोरात असतानाच. थंडीत ती झोपते, भोकं महिनोन्महिने तशीच राहतात. भर हंगामात ग्रीन खडबडीत केलं म्हणून खेळणारे ओरडतात, ओरडू देत.

ब्रिटनमधली ग्रीनकीपरांची संघटना 1987 पासूनची, ही पात्रता तिचीच. आधी शिक्षणाचे आणि अनुभवाचे क्रेडिट, म्हणजे गुण, जमवायचे, शेवटी लेखी परीक्षा. नोकरी सोडावी लागत नाही, अभ्यास रात्री. पैसे घरून नकोत. दूध तापवून पितो, मेसमध्ये भाकरी मिळते. कळण्याची नाही, पण मिळते. बिबडे पाठवलेस तर नाही म्हणणार नाही, आई.

आता ऐका. बाबा, रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला तुम्ही विहिरीवर जायचं नाही. पाणी भरायला माणूस ठेवलाय, तो जाईल. शुगर असताना बांधावर अनवाणी फिरणं बंद. आई, रोज झोपताना त्यांचे तळपाय तू स्वतः बघायचे, ते "काही नाही" म्हणतील तरी. आणि कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला तू बसू नकोस, धुराने खोकला वाढतो. शेजारच्या काकूंना सांग. दुपारी बारा ते चार घरातच.

विहिरीच्या वर्षी मी जे बोललो ते बाबांनी मनात धरलंय, माहीत आहे मला. तेव्हा माझंच चुकलं. घड कापून गाडी भरायच्या दिवशी फोन करा, व्यापाऱ्याशी भाव मी बोलतो. गोळ्यांची पाकिटं किती उरली तेही मोजून ठेवा, त्याच फोनवर विचारणार आहे.

तुमचा,
बापू