ओढ्यात वाकायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला 'मला नावानेच हाक मारा' असे सांगितले होते आणि मोसम संपेपर्यंत ते मला जमले नाही. मराठीत लिहिताना तुम्हाला शाळेतल्या शिक्षिकांना म्हणत असू तसे सरळ 'बाई' म्हणता येते, हा एक फायदा. हे पत्र मी तुम्हाला समोर बसून इंग्रजीत सांगेनच. परंतु मे ते ऑक्टोबर फिलाडेल्फियाच्या उद्यानांमधल्या ओढ्यांत शिंपले मोजण्याच्या आणि पुन्हा लावण्याच्या तुकडीत मी नेमके काय करत होते, हे घरच्यांना आणि इथल्या मराठी मंडळींना अजून धड सांगता आलेले नाही, म्हणून ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे.

'शिंपल्यांचे काम' म्हटल्यावर आईला वाटले की मी समुद्रकिनाऱ्यावर आहे. वास्तविक कृष्णाकाठच्या आमच्या गावी नदीतली शिंप दगडावर घासून, तिला भोक पाडून, त्या भोकाच्या धारेने कैऱ्या सोलल्या जात. गोड्या पाण्यात शिंपले असतात हे तिला चांगले ठाऊक होते. ते नाहीसे होतात आणि माणसे ते पुन्हा नेऊन लावतात, हे मात्र तिला नवे होते, आणि खरे सांगायचे तर मलाही. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे 300 जाती आहेत, इतके वैविध्य दुसऱ्या कुठल्याही खंडात नाही, आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती आज संकटात आहेत. 2023 मध्ये अमेरिकी सरकारने नामशेष झाल्या म्हणून 21 जाती संरक्षित यादीतून वगळल्या, त्यांत 8 शिंपल्यांच्या होत्या.

पहिल्या आठवड्यात मला एक पिवळसर, बोटाच्या पेराएवढा शिंपला सापडला आणि मी तो उंच धरून ओरडले. तुम्ही शांतपणे त्याच्यावरच्या जाड, ठसठशीत वळ्या दाखवल्या आणि हा 'एशियन क्लॅम' आहे, आपला नव्हे, असे सांगितले. आशियातून येऊन इथे ऐसपैस पसरलेला पाहुणा! त्यावर तुकडीतल्या सर्वांनी माझ्याकडे पाहिले, आणि हसण्यात तुम्हीही मागे नव्हता.

त्याच दिवशी तुम्ही मला गढूळ पाण्यात काम करायला शिकवलेत. काचेच्या बुडाची बादली बाजूला ठेवून, कोपरापर्यंत हात बुडवून, तळवा तळाशी सपाट ठेवायचा आणि बोटे बारीक खड्यांतून हळूहळू पुढे सरकवायची. दगड हाताला लागला तर तसाच राहतो. जिवंत शिंपला मात्र स्पर्श होताच मिटतो आणि वाळूत रुतलेल्या पायाने स्वतःला किंचित खाली ओढून घेतो. ती ओढ बोटांना पहिल्यांदा कळली तेव्हा मी ओरडले नाही, हे तुमच्या लक्षात आले होते का, ठाऊक नाही.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सांगितलेली वामीची गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. ईस्टर्न एलिप्टिओ या शिंपल्याची सूक्ष्म पिल्ले माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही आठवडे काढतात आणि मग गळून तळाशी स्वतंत्र आयुष्य सुरू करतात. यासाठी त्यांना सर्वांत चांगला मासा लागतो तो अमेरिकन ईल, म्हणजे आपल्या वामीसारखा, सापासारखा लांब मासा, जो सारगासो समुद्रात जन्मतो आणि लहानपणीच नद्यांमध्ये चढून येतो. डेलावेअर नदीच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही, त्यामुळे वामी वर जातात आणि तिथे एलिप्टिओ विपुल आहेत. शेजारच्या सस्क्वेहाना नदीवर 1928 साली कोनोविंगो धरण उभे राहिले, वामींची वाट अडली आणि तिथे हा शिंपला विरळ झाला. लहान ओढ्यांवर तर जुन्या गिरण्यांचे बंधारे जागोजागी आहेत. शिंपला कित्येक दशके जगत असल्यामुळे अशा ठिकाणी वरवर सारे ठीक दिसते, पण सापडतात ते सगळे वयस्क. कोकणातल्या एखाद्या वाडीत नुसते आजी-आजोबा उरावेत तसे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, तिच्याकडे येते. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ढग भरून आले होते, पाठ मोडली होती, आणि शिंपले मोजण्यासाठी तळावर आखलेल्या चौकटींपैकी शेवटच्या दोन न उकरताच मी नोंदीच्या कागदावर त्यांच्यापुढे शून्य लिहिले. त्या ओढ्यात दिवसभर शून्यच येत होते, मग आणखी दोन शून्यांनी काय बिघडते, असे मी स्वतःला समजावले. रात्री झोप लागली नाही आणि सकाळी गाडीत बसण्याआधी मी तुम्हाला सांगून टाकले. तुम्ही रागावला नाहीत. त्या दिवशीचे ठरलेले काम पुढे ढकलून चाळीस मिनिटांची वाट वाकडी केलीत आणि माझ्यासोबत स्वतः पाण्यात उतरलात. एका चौकटीत खरोखरच काही नव्हते. दुसरीत, झाडाच्या मुळाशी, 84 मिलिमीटरचा एक एलिप्टिओ होता. तुम्ही मला जुना आकडा खोडरबराने पुसू दिला नाहीत. त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी खरा आकडा, तारीख आणि माझी आद्याक्षरे. या ओढ्यात शिंपले आणून सोडायचे की नाही हे याच कागदांवरून ठरते, एवढेच तुम्ही म्हणालात आणि विषय तिथेच संपवलात. मोसम संपेपर्यंत तो पुन्हा काढला नाहीत, याचे ऋण मला जास्त वाटते.

सप्टेंबरमध्ये शिंपल्यांची लावणी केली त्या दिवशीही नोंदी तुम्ही माझ्याच हाती दिल्यात. सुदृढ ओढ्यातून आणलेला एकेक शिंपला मोजायचा, दंतवैद्य वापरतात तसल्या सिमेंटने त्याच्यावर तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूण चिकटवायची, आणि पायाची बाजू खाली ठेवून तो खड्यांत अर्धामुर्धा रोवायचा. भातलावणी ज्यांनी केली आहे त्यांना ते वाकणे वेगळे सांगायला नको. थंडी वाढली की शिंपल्यांना स्वतःला पुरून घेणे जमत नाही, म्हणून तुमची घाई चालली होती, तरीही प्रत्येक क्रमांक तुम्ही माझ्याकडून दोनदा वाचून घेतलात.

तुमचे मनापासून आभार, बाई. वसंतात पाणी पुरेसे तापले की ॲन्टेनाची काठी घेऊन त्या खुणा शोधायला मी येणार आहे. माझ्या वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या त्या उंच रबरी पोशाखाचा, डावा पाय गळतो आहे, तेवढी दुसरी जोडी बाजूला काढून ठेवावी, ही विनंती.

आपली नम्र,
तुकडीतली कागद सांभाळणारी मुलगी