आप्पांच्या पावणेदोन एकरासाठी

ति. आप्पांना सा. नमस्कार.

हे पत्र घरी आणून न देता सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण पारावर अजून बोललं जातं की म्हाताऱ्यानं केळीचं वावर पोरींना धुडगूस घालायला दिलं. तो धुडगूस म्हणजे आमचा रग्बीचा सराव, बॉल हातात घेऊन पळायचा आणि बॉलवालीला धरून पाडायचा खेळ. बोलणाऱ्यांनीही वाचावं. तुम्हाला नातू वाचून दाखवेलच.

कांदेबागेचा, म्हणजे पावसाळा सरता लावलेल्या केळीचा, शेवटचा घड गाडीत चढला, तेव्हा त्या वावरात हरभरा पेरता आला असता. मकाही आला असता. तुम्ही खोडं काढलीत, रोटाव्हेटर मारलात, ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर टाकल्यात आणि एवढंच विचारलंत, "जागा किती लागस?" रग्बीचं मैदान १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, म्हणजे पावणेदोन एकर. आमच्यातल्या बहुतेक जणी कबड्डीतून आलेल्या, एवढं मोकळं रान कुणी पळून पाहिलं नव्हतं. शाळेचं मैदान मुरमाचं, त्यावर टॅकल करून, म्हणजे समोरचीला धरून पाडताना, पडलं की कोपर सोलून निघतं. काळ्या मातीचा त्रास वेगळा. ती वाळली की भेगा पडतात आणि भेगेत पाय गेला की घोटा मुरगळलाच. म्हणून तुम्ही पाणी सोडायचात, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की वखराची पाळी द्यायचात आणि मग निरोप धाडायचात. वाफसा पाहून सरावाचा दिवस ठरवणारा माणूस रग्बीच्या जगात दुसरा असेल असं मला वाटत नाही!

केळीला टेकू द्यायच्या बांबूंचे गोलपोस्ट झाले. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर, आडवा बांबू ३ मीटरवर. पहिल्यांदा स्क्रम लावला, आठ जणी इकडून, आठ तिकडून, खांद्याला खांदा लावून बॉलसाठी एकमेकींना रेटायचं. बांधावरून तुम्ही ओरडलात, "ही ते बैलस्नी टक्कर शे!" तेव्हापासून आमच्यात स्क्रमला टक्करच म्हणतात.

पण खरे आभार जमिनीचे नाहीत. ऐन वेचणीत कापूस झाडावर फुटलेला आणि घरातली पोर पहाटे बॉल घेऊन पळतेय, हे कोणत्या बापाला परवडेल? त्यात हाफ पँट. तुम्ही दोन-तीन घरांच्या ओट्यावर जाऊन बसलात. भाषण दिलं नाहीत, पोरींच्या भवितव्यावर वगैरे काही बोलला नाहीत. "वेचणीले मी माणूस देस, पोरीले खेळू द्या," एवढं म्हणालात आणि खरंच आपला सालदार त्यांच्या कपाशीत पाठवलात. हाफ पँटचा विषय तिथे निघालाच नाही. मजुरीचा हिशेब सुटला की लाजेचा प्रश्न किती लहान होतो, हे मी त्या ओट्यांवर पाहिलं.

तुम्ही एकदा विचारलं होतं, "आपला देशनी पोरीस्नी टीम शे का?" तेव्हा सराव चालू होता, "आहे" म्हणून पळाले. आज नीट सांगते.

भारताच्या मुली २००९ पासून सेव्हन्स खेळतात. त्यात मैदान तेवढंच, पण खेळाडू सातच आणि सामना अवघ्या १४ मिनिटांचा. पंधरा जणींचा, ८० मिनिटांचा पूर्ण खेळ आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळायला २०१८ उजाडलं. सिंगापूरला आशियाई स्पर्धा होती आणि कर्णधार होती आपल्या पुण्याची वाहबीझ भरुचा. दोन्ही सामने हरल्या. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, मनिलात सिंगापूरच्या संघाला २१-१९ ने हरवलं. पंधरांच्या खेळातला भारतीय मुलींचा तो पहिला विजय. सामना संपत आलेला असताना सुमित्रा नायकने पेनल्टीची किक खांबांच्या मधून घातली. तिचे तीन गुण मिळतात, आणि त्या तीन गुणांनीच सामना फिरला.

आता या पोरी कुठल्या? सुमित्रा ओडिशाची, भुवनेश्वरला आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेत शिकलेली. त्या संस्थेतून भारताच्या संघात बऱ्याच जणी गेल्या. स्वीटी कुमारी बिहारमधल्या बाढची. २०१९ मध्ये तिला जगातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून महिला रग्बीच्या एका संकेतस्थळानं निवडलं. म्हणजे मोठ्या शहरातल्या क्लबांची मक्तेदारी इथे नाही. आपल्या संघातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आदिवासी पोरींना हे सांगितलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी वावरात हजर होत्या.

पैशाचं रडगाणं तर जगभराचं. १९९१ मध्ये वेल्समध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. सोव्हिएत संघाच्या मुली पैशाविना आल्या आणि खर्च भागवायला व्होडका, माशांची अंडी आणि लाकडी बाहुल्या विकायला घेऊन आल्या. कस्टमवाले मागे लागले, ही गोष्ट वेगळी. आम्ही गाडीभाड्यासाठी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, विकल्या, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं तर! त्या पहिल्या विश्वचषकात अंतिम सामना अमेरिकेनं इंग्लंडकडून जिंकला. २०२५ मध्ये इंग्लंडनं कॅनडाला ३३-१३ ने हरवून चषक उचलला, तेव्हा लंडनच्या ट्विकेनहॅम स्टेडियमात ८१,८८५ माणसं होती. सारंगखेड्याच्या यात्रेची गर्दी आठवा.

अजून एक, तुम्हाला पटेल म्हणून. या खेळात बायांसाठी वेगळा, हलका नियम नाही. बॉल तोच, मैदान तेच, वेळ तीच ८० मिनिटं, मान पकडायची नाही ही शिस्तही तीच.

आम्ही बाहेरगावचा पहिला सामना हरून आलो, तेव्हा "कोन जितनं?" विचारून तुम्ही उत्तराची वाट न बघता आम्हाला जेवायला बसवलंत. काकूंनी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. काकूंचे आभार मी वेगळे मानणार आहे, ते इथे घुसडत नाही.

आता मृगबागेची, म्हणजे मृगात केळी लावायची, वेळ येतेय, वावर तुम्हाला लागेल. यंदा पुन्हा पडीक ठेवू नका. नदीकडच्या गायरानाचा एक तुकडा मिळावा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, त्यावर पहिली सही तुमची हवी. गोलपोस्ट आम्हीच उपटून बांबू परत गोठ्यामागे रचून देऊ. आणि रोपं लावायच्या दिवशी मजूर बोलावू नका. फक्त वाफसा कधी ते कळवा, सगळ्या येतो.

तुमच्या वावरातल्या पोरींच्या वतीनं,
त्यांच्यातली सगळ्यात मोठी