सुहास, अ‍ॅडॉप्टर लावू नकोस

पुणे, रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोटो पाहिला आणि झोपच उडाली. वाडा रिकामा करताना माळ्यावर घंगाळामागे, काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेला एक काळा कीबोर्ड सापडला, मंगळवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू का, असं तू विचारलंस. देऊ नकोस. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चालतो का बघू म्हणून घरातला कुठलाही अ‍ॅडॉप्टर त्याला लावू नकोस. का ते पुढे सांगतो.

अरे, तो नुसता कीबोर्ड नाही. काकांचा स्पेक्ट्रम आहे तो! संपूर्ण कॉम्प्युटर त्या कीबोर्डच्या पोटातच आहे. आठवतंय का, सातवीच्या सुट्टीत आपण त्याच्यासमोर मांडी घालून बसायचो? 'जे' अक्षराचं बटण दाबलं की पडद्यावर आख्खा 'लोड' शब्द उमटायचा आणि मग कॅसेटवरून प्रोग्रॅम आत घेताना टेपरेकॉर्डरची ती कर्कश किंचाळी सुरू व्हायची. आवाज जरा कमी-जास्त झाला की सगळं फुकट, म्हणून काकूंनी आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. तुमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. कडेला धावणारे ते पट्टे आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे असतात, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, माझं पहिलं मशीन रंगीत पडद्याला जोडलं तेव्हा. त्या दिवशी तुझी फार आठवण आली होती.

तू लिहिलंस की वर 'डीबी' अशी अक्षरं आहेत. म्हणजे हे मशीन इंग्लंडहून कोणी आणलेलं नाही, ते आपल्या पुण्याचं आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ साली परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला, तो हा डीबी स्पेक्ट्रम. तोवर मूळ स्पेक्ट्रम काढणाऱ्या सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी आपला कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीला विकूनही दोन वर्षं झाली होती. इंग्लंडमधले स्पेक्ट्रम माझ्याकडे तीन आहेत, पण हा एकही नाही. विकत दे म्हणून हे लिहीत नाहीये. तो तुमच्या घरातच राहावा, फक्त नीट राहावा.

आता ओळख पटवण्याबद्दल. जुने कॉम्प्युटर जमवण्याच्या या छंदात मी एक गोष्ट शिकलो, की वरच्या खोक्यावर विश्वास ठेवायचा नाही. १९८२ चा मूळ स्पेक्ट्रम रबरी बटणांचा, चाळीस बटणं. १९८४ च्या प्लसला कडक प्लॅस्टिकची अठ्ठावन्न बटणं आणि डाव्या बाजूला रीसेटचं बटण. पण आतला बोर्ड तोच! सिंक्लेअर कंपनी नुसतं प्लसचं खोकं सुटंही विकायची, त्यामुळे रबरी मशीनचा बोर्ड काढून लोकांनी त्यात बसवलेला असतो. सुरू केल्यावर पडद्यावर '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' असं येतं, ते पाहून मशीन १९८२ चं समजू नकोस. प्लसच्या रॉममध्येही, म्हणजे कायमच्या मेमरीतही, तीच ओळ आहे. खरं वय चिपांवर असतं. प्रत्येक चिपेच्या पाठीवर चार आकडे छापलेले असतात, ८४३२ असेल तर १९८४ चा बत्तिसावा आठवडा. बोर्डाच्या सगळ्या चिपा साधारण एकाच काळातल्या असतील आणि मध्येच एखादी दोन वर्षांनी तरुण निघाली, तर समजायचं की कोणीतरी दुरुस्ती केली आहे.

आणि मेमरी तर बघच. आठ-आठ चिपांचे दोन गट असतात. खालचे १६ केबी सरळ आहेत. वरच्या ३२ केबीसाठी सिंक्लेअरने कारखान्यात अर्ध्या बिघडलेल्या ६४ किलोबिटच्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धाच वापरला. कुठला अर्धा चांगला आहे ते बोर्डावरची एक बारीक तार ठरवते. एका मशीनमधल्या आठही चिपांचा तोच अर्धा चांगला असावा लागे. टाकाऊ मालातून असं काही उभं करायला डोकं लागतं रे. भिंगाखाली ती तार पाहिली की मी दर वेळी थांबतो.

आता अ‍ॅडॉप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण पिनेच्या मध्यभागी निगेटिव्ह असतो. हल्ली घरोघरी पडलेल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत मध्यभागी पॉझिटिव्ह. पिन अगदी चपखल बसते, तीच तर फसगत. जुन्या बाजारात एका बुधवारी मिळालेल्या माझ्या पहिल्या मशीनला मी राउटरचा अ‍ॅडॉप्टर लावला. व्होल्टेज तयार करणारा ट्रान्झिस्टर गेला आणि त्याच्यासोबत खालच्या मेमरीच्या दोन चिपाही. त्या चिपांना उणे पाच व्होल्ट मिळाले नाहीत आणि बारा व्होल्ट मात्र मिळत राहिले, की त्या मरतात. दुरुस्त झालं ते, पण तो जळका वास अजून नाकात आहे. काकांच्या मशीनचं तसं व्हायला नको.

उघडूही नकोस. बटणांखालच्या पापुद्र्यातून दोन पट्ट्या बोर्डात जातात, एक पाच तारांची, एक आठ तारांची. इतक्या वर्षांनी त्या वाळल्या पानासारख्या झालेल्या असणार, झाकण खस्सकन उचललंस की तुटल्याच. फक्त उलटं करून खालचे स्क्रू बघ. खाचा झिजलेल्या असतील तर आधी कोणीतरी उघडलंय. मी आल्यावर शिंपला उघडावा तसं हळूच उघडू आणि नीट पॉवर देऊ. सुरू झालं तर पहिलं टाइप करायचं 'प्रिंट पीक २३७३३'. उत्तर २५५ आलं तर ४८ केबी पूर्ण जिवंत, १२७ आलं तर वरच्या मेमरीचं काहीतरी बिनसलंय.

मी शनिवारी कोयनेने सांगलीत उतरतो. तोवर कॅसेटी उन्हात ठेवू नकोस आणि त्यांच्यावरची बुरशी पुसू नकोस. काकांनी प्रोग्रॅम उतरवून ठेवायची निळ्या पुठ्ठ्याची वही होती, ती माळ्यावर आहे का बघ. पेन्सिलीचं अक्षर आहे त्यात, रद्दीत जायला नको. आणि काकूंना विचार, तो लाल ठिपक्याचा टेपरेकॉर्डर कुठे ठेवलाय?

तुझा,
अविनाश